मोटारीच्या पाया पडताना

"आता पाया पडा," कडूबा म्हणाला.

वैजनाथ बघतच राहिला. कढत पाण्याच्या दोन बादल्या इंजिनाच्या टाकीत ओतून झाल्या होत्या, प्लग निखाऱ्यावर शेकून परत बसवले होते, चाकापुढं लिंबूही कापलं होतं. आता मोटारीच्या पाया?

"थंडीत ते रुसते, छोटे मालक. पायरीले डोकं टेकल्याबिगर हँडल मारू नोका."

कडूबा स्वतः वाकला, पायरीवर कपाळ ठेवलं, आणि दुसऱ्याच हँडलला गाडी धडधडू लागली. वैजनाथनं नकळत हात जोडले.

उंद्रीच्या पंचक्रोशीत मोटार एकच, हिंमतराव देशमुखांची. ती चालवणारा कडूबाही एकच. नागपूरहून दौऱ्यावर आलेल्या साहेबाचा ड्रायव्हर एकदा पौषातल्या थंडीत तासभर याच मोटारीचं हँडल मारून घामाघूम झाला होता आणि कडूबानं ती चुटकीसरशी चालू केली होती. तेव्हापासून गडी जरा भाव खाऊन होता. खरी गोष्ट एवढीच होती, की गाडी बंद करताना तो पेट्रोलची तोटी आवळून ठेवी. ती पायरीच्या आतल्या अंगाला, वरून दिसत नसे. वाकून नमस्कार करताना तो डाव्या हातानं ती उघडी. देवधर्माचा त्यात काही संबंध नव्हता.

त्या दिवशी तो बहीण तानुबाईच्या गावी मुक्कामाला निघाला होता. हिंमतरावांच्या सुनेला, वैजनाथच्या बायकोला शारदाला, नववा महिना लागलेला. म्हणून वैजनाथच म्हणाला होता, "कडूभाऊ, जायच्या आंधी मले समदं दाखवून जा. वेळ सांगून येत नाही."

कडूबानं समदं दाखवलं. तोटी तेवढी राहिली. गाडी बंद करताना सांगून टाकावं असं त्याच्या मनात आलंही. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या सकाळी तर परतायचंच आहे, असं म्हणून त्यानं तोटी आवळली आणि वाटेला लागला.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर तो गावात शिरला, तर वेशीतच देशमुखांचा सालदार पुंजाजी धावत आला.

"कुठी होता बे तू? पहाटीच सूनबाईले कळा लागल्या. पोर आडवं हाये म्हने. झुंबरबाई सुईन म्हने, आत्ताच्या आत्ता चिखलीच्या दवाखान्यात न्या."

"मंग? गाडी?"

"कायची गाडी. छोट्या मालकानं पानी तापवलं, लिंबू कापलं, पाया पडले. एक डाव खोकली अन् मेली. हाताची सालं निघाली त्याइच्या. शेवटी दमनीले बैलं जुपले."

कडूबा पळतच मोटारीपाशी गेला. नमस्काराचं सोंग करायची गरज नव्हती, बघायला कोणी नव्हतं. त्यानं तोटी उघडली. दुसऱ्या हँडलला गाडी चालू झाली, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला तिचा आवाज नकोसा वाटला.

चिखलीच्या रस्त्यावर चार कोसांवर दमणी उभी दिसली. बैल सोडलेले. वैजनाथची आई मनकर्णाबाई सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि वैजनाथ चाकाला टेकून जमिनीकडं बघत होता. शारदा गेली होती, पोटातल्या लेकरासकट.

त्याच मोटारीतून तिला परत आणली. हिंमतराव कडूबाला एका शब्दानं बोलले नाहीत. उलट त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू गावात असता त वाचली असती पोर. ते गाडी तुह्याशिवाय कोनाचं आयकत नाही."

हे ऐकायला दहा वर्षं कान आसुसले होते. आज ते ऐकून तो खांदा सोडवून मोटारीमागं गेला.

तेरावा झाल्यावर वैजनाथ मोटारीपाशी आला. तळहातांवर खपल्या धरल्या होत्या.

"कडूभाऊ, एक सांगा. म्या पाया पडलो, पन मन थाऱ्यावर नव्हतं. भीतीच लय वाटून राह्यली होती. म्हून चालू नाही झाली काय?"

आता सांगायला हवं होतं. पोरगा उभा जन्म स्वतःला बोल लावील, हे कडूबाला कळत होतं. त्यानं तोंड उघडलं.

"थंडी लय होती, छोटे मालक," तो म्हणाला.

वैजनाथनं मान हलवली, आणि जाताना पायरीवर कपाळ टेकवून बराच वेळ तसाच राहिला.