काढलेली कुलपं

कुलूपवाल्याच्या आईला अंथरुणाला खिळून चार वर्षं झाली होती, आणि ही चार वर्षं तिला भरवणारी बाई परदेशातून आलेली होती. त्या सकाळीही ती नेहमीच्या वेळेला आली. तिने म्हातारीला उशीला टेकवून बसवलं, हनुवटीखाली रुमाल खोचला आणि चमचा पुढे केला.

"गार आहे," म्हातारी कुरकुरली.

"काल गरम होतं, आज गार आहे. आई, तुमच्या तोंडात थर्मामीटर बसवलाय का?"

म्हातारी हसली, म्हणजे तोंड उघडलं, म्हणजे घास आत गेला. ही युक्ती रोजची होती.

पलीकडे बूट घालता घालता कुलूपवाल्याने फोन घेतला. "तीन वाजता? येतो, साहेब." आणि आईला म्हणाला, "सरकारी काम आहे."

हे सरकारी काम काय, ते सांगायलाच हवं. राहण्याच्या परवान्याची मुदत संपलेल्यांना धरून देशाबाहेर पाठवणारं एक खातं होतं. पण न्यायाधीशांच्या सहीचा कागद नसेल, तर या खात्याला कुणाच्या घरात शिरता येत नसे. घरच्यांनी आपण होऊन दार उघडलं, तरच. गल्लीतल्या शिंपीणकाकूंनी चार बायका जमवल्या आणि प्रत्येक जिना चढून लोकांना हे समजावलं. "आधी सही दाखवा म्हणायचं. तोवर दार उघडायचं नाही, कुणी कितीही ओरडो." लोक दारं उघडेनासे झाले, तेव्हा खात्याच्या साहेबाने कुलूपवाला गाठला. त्याने ड्रिलने कुलूप फोडायचं आणि साहेबाने कागदावर लिहायचं, 'घरच्यांनी उघडलं.'

"मी फक्त कुलूप उघडतो," कुलूपवाला म्हणे. "आत कोण राहतं, ते मला काय करायचंय?" करून सवरून नामानिराळा!

तीन वाजता तिसऱ्या मजल्यावर त्याने गुडघे टेकले आणि ड्रिल लावलं. पितळी गाभा सुटून हातात आला. दार उघडलं, तर समोर ओले केस पुसत तीच बाई उभी.

"दादा, तुम्ही?"

आईला भरवणारी बाई राहते कुठे, हे त्याने चार वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. वाचकांनी इथे घाईने नाक मुरडू नये. आपल्यापैकी किती जणांनी विचारलंय?

साहेबाने तिला केस बांधायलाही वेळ दिला नाही. जिना उतरताना ती एकदाच थांबली. "आईंची पाचची गोळी आता तुम्हीच द्या. आणि मी कुठे गेले, ते खरं सांगा. दुसऱ्या कुणाकडून कळू देऊ नका."

त्याने खरं सांगितलं. मग तो चमचा घेऊन भरवायला बसला, तेव्हा म्हातारीने त्याच्या हातांकडे पाहिलं.

"लोक खाल्ल्या घरचे वासे मोजतात," ती म्हणाली. "तू तर भरवणारा हातच धरून दिलास. ठेव तो चमचा खाली, मेल्या. त्या हाताने मला पाणीसुद्धा नको."

तो गयावया करू लागला. तिने तोंड मिटलं आणि भिंतीकडे वळवलं. शेवटी शिंपीणकाकू आल्या, तेव्हा म्हातारीने दोन घास खाल्ले.

"शुक्रवारी तिला विमानात बसवणार आहेत," काकू त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "उद्या सुनावणी. साहेब म्हणणार, दार तिनेच उघडलं. आमच्याकडे पुरावा काय? आमचा शब्द. तो कोण ऐकतो?"

कुलूपवाला उठला आणि कपाटावरचा पत्र्याचा डबा काढून त्याने काकूंच्या पुढ्यात ठेवला. काढलेलं कुलूप टाकायचं नाही, गिऱ्हाईक उद्या भांडायला येतं, असं त्याच्या वस्तादाने शिकवलं होतं. डब्यात ड्रिलने फोडलेले एकोणीस पितळी गाभे होते. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर घराचा नंबर आणि तारीख.

"हे सगळे सरकारी कामाचे?" काकूंनी विचारलं.

"सगळे."

"यात तूही अडकशील."

"साहेबाला घेऊनच अडकेन."

दुसऱ्या दिवशी साहेबाने शपथ घेऊन सांगितलं, "दार बाईंनी स्वतः उघडलं." मग कुलूपवाल्याने न्यायाधीशांसमोर डबा पालथा केला. जप्त केलेल्या सामानातून तिची किल्ली मागवली. ती एका फुटलेल्या गाभ्यात बरोबर बसली.

"उस्ताद, हे काय करतोस?" साहेब मागून कुजबुजला. कालपर्यंत तो याच माणसाच्या पाठीवर थाप मारत होता. आता त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता, आणि गल्लीतल्या सगळ्या बायका मागच्या बाकांवर बसून तो घाम डोळे भरून बघत होत्या.

न्यायाधीश म्हणाले, "तुम्हालाही शिक्षा होईल, कल्पना आहे ना?"

"होऊ द्या, साहेब. पण एकट्याला नको."

दार फोडून धरलं होतं, म्हणून बाई सुटली. साहेब घरी बसला, म्हणजे नोकरीतून. कोर्टात मात्र त्याला वारंवार यावं लागतं, कारण शिंपीणकाकूंनी उरलेल्या अठरा दारांचे खटले एकेक करून उभे केले आहेत. त्या अठरा घरांतली बहुतेक माणसं केव्हाच विमानाने पाठवली गेली. पण काकू म्हणतात, माणसं परत येवोत न येवोत, याला मी सुखाने झोपू देणार नाही. कुलूपवाल्याचा धंद्याचा परवाना गेला. परवाना नसलेला माणूस आता तोही.

बाई पुन्हा येऊ लागली, पण फक्त म्हातारीसाठी. आठवडाभर ती त्याच्याशी बोलली नाही. शेवटी त्यानेच धीर केला.

"ताई, तुमच्या दाराचं कुलूप... मी नवीन बसवून देऊ का?"

तिने म्हातारीची हनुवटी पुसली आणि रुमालाची घडी घातली.

"बसवलंय," ती म्हणाली. "दुसऱ्याकडून."

म्हातारीने मुलाकडे रोखून पाहिलं आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.