घाटातले मागचे इंजिन

मित्रांनो, मी एक जुने वाफेचे इंजिन आहे. पण मला गाडीच्या पुढे शोधू नका. माझे सारे आयुष्य गाडीच्या मागे गेले. कर्जतहून निघालेल्या गाडीला मागून रेटा देत लोणावळ्यापर्यंत चढवायचे, हे माझे काम. दसऱ्याला हार मात्र पुढच्या इंजिनाला आणि कौतुकही त्याचेच. मला त्याचे फारसे वाटत नसे, कारण माझ्यापाशी अंबाजी होता.

अंबाजी लोणावळ्याजवळच्या औंढे गावचा. कोळसा टाकता टाकता तो माझा ड्रायव्हर झाला. पंधरा-वीस पावसाळे माझी धडधड ऐकून बिचाऱ्याचे कान गेले. कामावर हे ठाऊक होते फक्त नथूला, त्याच्या फायरमनला. पुढच्या इंजिनाने शिट्टी दिली की नथू त्याच्या पाठीवर थाप मारी. बाकी सारे अंबाजीला तळहाताने कळे. माझ्या दांड्यावर हात ठेवून तो म्हणे, "आज दमलीस व्हय गं? चल, खंडाळा आला." आणि खरेच मी दमलेले असे!

तीस सालच्या सुमारास घाटात विजेची इंजिने आली. ना धूर, ना धडधड. अंबाजीला त्यांवर शिकायला पाठवले. पहिल्याच दिवशी साहेबाने मागून हाक मारली, पुन्हा मारली. अंबाजी आपला दांडा धरून उभा. हाताला काहीच लागेना, म्हणून गडी गोंधळून गेलेला. झाले, पितळ उघडे पडले. त्याला घरी बसवले. माझ्या आवाजाने त्याचे कान नेले आणि मी गेल्यावर त्याची भाकरी गेली. याचे दुःख मला आजही आहे.

दुसऱ्या दिवशी तो बायकोला, मुक्ताबाईला, घेऊन शेडमध्ये आला. माझी आग विझवून आठवडा झाला होता. त्याने माझ्या गार बॉयलरवर एक हात ठेवला, मग दोन्ही ठेवले. म्हणाला, "मुक्ते, आता हातालाबी ऐकू येईना गं."

ती ओरडून सांगत होती, "अवो, तिची आग इझलीया! तुमचा हात चांगला हाय!" त्याला कुठले ऐकू जायला?

मला भंगारात ओढून नेले, तेव्हा तो रुळाशेजारी पाठमोरा बसला होता. माझी चाके करकरली, लोकांनी त्याला हाका मारल्या. त्याने वळून पाहिले नाही. निरोपाची एक शिट्टी द्यावी, तर माझ्या अंगात वाफ नव्हती.

मित्रांनो, ज्याला ऐकू येत नाही त्याला मागून हाका मारू नका. उठा, त्याच्या पुढ्यात जा आणि त्याचा हात हातात घ्या. मला हात नव्हते, तुम्हाला आहेत.