मंजुरीच्या रांगेतली पोस्ट

शाळा-कॉलेज सोडून घरात बसलेल्या मुलांच्या आईबापांचा आमचा एक ऑनलाइन गट आहे. चार हजार माणसं. त्यांच्यावर लक्ष ठेवायला आम्ही दोघंच मॉडरेटर: मी, आणि औषधांचं दुकान चालवणारे एक दादा, ज्यांना मी आजवर प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. मी दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. आत पेशंटचं तोंड उघडं असलं की बाहेर मी गट उघडते. या कामाचे पैसे मिळत नाहीत, शिव्या मात्र भरपूर मिळतात, म्हणून मी मॉडरेटर आहे हे घरीही सांगितलेलं नाही.

प्रत्येक पोस्ट आधी आमच्याकडे येते. औषधांची नावं आम्ही काढून टाकतो. ‘दोन कानाखाली द्या, सुतासारखा सरळ होईल’ असं लिहिणाऱ्याला आठवडाभर बाहेर ठेवतो, आणि ते काम मी अगदी आनंदाने करते. कुणाला नाव लपवून लिहायचं असेल तर तशी सोय आहे. बाकीच्यांना फक्त ‘एक सदस्य’ दिसतं. आम्हा दोघांना मात्र खरं नाव दिसतं. तसं नियमांमध्ये स्पष्ट लिहिलंय, पण नियम वाचतो कोण! लिहिणारा ओळखीचा निघाला तर पोस्टला हात न लावता ती दुसऱ्या मॉडरेटरकडे द्यायची, हाही एक नियम आहे. तो मीच लिहिला होता, आणि लिहून झाल्यावर स्वतःवर जाम खूश झाले होते.

या गटात मी हौस म्हणून आलेली नाही. आमची लेक सोळा वर्षांची आहे. चार महिन्यांपूर्वी एका सोमवारी ती म्हणाली, “मी नाही जाणार,” आणि खोलीचं दार लावून घेतलं. डॉक्टर झाले, समुपदेशक झाल्या, शाळेतल्या बाई घरी येऊन गेल्या. ती जेवायला बाहेर येते, ताटातलं निम्मं टाकते, आत जाते. काही विचारलं की “काही नाही.”

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. मधेच बंद पडलेल्या लिफ्टमध्ये कुणी अडकलं, की लिफ्ट सुरू होईपर्यंत तो बाहेरून त्यांच्याशी गप्पा मारत राहतो. एकदा एका आजोबांशी म्हणे दीड तास त्यांच्या गुडघ्यांवर बोलला. पण लेकीच्या दारासमोर उभा राहिला की त्याची दातखीळ बसते. मी विषय काढला की “होईल गं,” एवढंच म्हणतो आणि चप्पल घालून बाहेर पडतो. या ‘होईल गं’ने माझं डोकं उठलं होतं.

त्या रविवारी दुपारी जेवणं झाली होती. मी टेबलाशी बसून रांगेतल्या पोस्ट संपवत होते. नवरा समोरच्या खोलीत सोफ्यावर फोन घेऊन पडला होता. चौदावी पोस्ट उघडली. नाव लपवलेलं. वर नवऱ्याचं नाव, आणि शेजारी हातात पाना घेऊन काढलेला तो त्याचा बावळट फोटो.

“माझी बायको याच गटात आहे, म्हणून नाव न देता लिहितो. मला माझी मुलगी आवडेनाशी झाली आहे. तिच्यासाठी जीव देईन, पण ती समोर आली की मला राग येतो, आणि ती आत गेली की बरं वाटतं. कामावर असलो की घरी यावंसं वाटत नाही. बायकोला सांगता येत नाही. ती इथे सगळ्यांना बरोबर शब्दांत उत्तरं देते, घरीही तशीच बोलते. तिच्यासमोर मी असलं काही बोललो तर मला माफ करणार नाही. असं अजून कुणाला होतं का?”

अशा पोस्ट मी शेकड्याने मंजूर केल्या आहेत. खाली लिहायचं उत्तरही तयार आहे: ‘असं वाटणं हा गुन्हा नाही, इथे मोकळेपणाने बोला.’ नियमाप्रमाणे ती दादांकडे सरकवायची होती. पण माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! चार महिने मी एकटी डॉक्टरांकडे खेटे घालतेय, आणि या माणसाला पोरगी आवडेनाशी झालीय? माझ्या लेकीला असं म्हणतो? मी ‘नामंजूर’ दाबलं. कारण निवडावं लागतं. यादीतलं ‘कुटुंबातील व्यक्तीविषयी अनुचित लेखन’ निवडलं.

समोरच्या खोलीत त्याचा फोन वाजला.

तो उठून बसला. फोनवरचं वाचलं. मग फोन पालथा ठेवला, स्वयंपाकघरात आला आणि भांडी घासायला लागला. रविवारची भांडी तो कधी घासत नाही. त्याचे कान लाल झाले होते. शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा दिसत होता, आणि ते मी केलं होतं.

“राहू दे ना,” मी म्हणाले.

“होईल गं,” तो म्हणाला.

नामंजूर केलेली पोस्ट परत आणता येत नाही. मी मॉडरेटरच्या खात्यातून त्याला निरोप धाडला: ‘नजरचुकीने नामंजूर झाली, क्षमस्व, कृपया पुन्हा पाठवा.’ त्याने हात पुसले, निरोप वाचला, पुन्हा भांड्यांकडे वळला. पाठवलं काही नाही. तो पुन्हा पाठवणार नाही हे मला दिसत होतं. वीस वर्षं झाली लग्नाला. या माणसाने मन उघडून एकदा काहीतरी लिहिलं होतं आणि मी ते त्याच्या तोंडावर फेकलं होतं.

तेवढ्यात दादांचा मेसेज आला. आमच्यापैकी कुणी काय केलं ते दुसऱ्याला दिसतं. “ताई, ती पोस्ट का उडवली? अशा आपण कधी उडवत नाही.”

मी लिहिलं, “तो माझा नवरा आहे.”

पलीकडून आलं, “मग नियमाप्रमाणे माझ्याकडे द्यायला हवी होती.” धन्य त्या माणसाची!

मी फोन घेऊन बसले. लाज वाटत होती आणि रागही जात नव्हता. राग नक्की कसला, हे शोधायला गेले आणि भलतंच सापडलं. लेक चमचा ताटात आपटते तेव्हा मी मनात काय काय म्हणते, ते मलाच ठाऊक. परवा ती अंघोळीला गेली तेव्हा तिच्या रिकाम्या खोलीत उभं राहून मला वाटलं होतं, ही कुठेतरी दूर जाऊन राहील तर किती बरं. मग मी तिची चादर बदलली आणि विषय मनातून ढकलून दिला.

मी नाव लपवून लिहिलं. “मलाही माझी मुलगी आवडेनाशी झाली आहे. मी आई आहे. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.” दुसरं काही सुचेना. पोस्ट रांगेत गेली. माझी असल्यामुळे मला मंजूर करता येत नव्हती. दादांनी अर्ध्या मिनिटात केली आणि एक शब्द विचारला नाही.

भांडी संपली होती. नवरा सोफ्यावर जाऊन बसला, फोन सुलटा केला. मी दारातून बघत होते. त्याचा अंगठा चालता चालता थांबला. मग तो दोन बोटांनी टाइप करायला लागला. हळूहळू, पुसत, पुन्हा लिहीत.

माझ्या पोस्टखाली उत्तर आलं. एक सदस्य. मला नाव दिसत होतं.

“ताई, तुम्ही एकट्या नाही. माझंही असंच आहे. मी विचारायला गेलो तर मला हाकललं, पण तुमची पोस्ट त्यांनी ठेवली हे बरं झालं. तुमचे मिस्टर समजूतदार असतील तर त्यांना सांगून बघा. मला ती सोय नाही. माझ्या बायकोचा मुलीवर फार जीव आहे. हे ऐकलं तर ती खचेल.”

मी उठले. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले तसा त्याने घाईघाईने फोन मांडीखाली सरकवला.

“ती ताई मी आहे,” मी म्हणाले. “आणि तुला हाकललं तेही मीच.”

आता ओरडेल, चप्पल घालून निघून जाईल, असं मला वाटलं. त्याने मान वळवून लेकीच्या बंद दाराकडे पाहिलं.

“हळू बोल,” तो म्हणाला. “ऐकेल ती.”

मग आम्ही दोघं बाल्कनीत गेलो, काचेचं दार नीट लावून घेतलं, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा आमच्या पोरीबद्दल पोटभर वाईट बोललो.