तिसरं ठिगळ

“अहो, पुन्हा बसली तुमची गाडी!” मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडले आणि अंगणात आले.

आमच्या ह्यांनी सकाळपासून दोनदा मागचं चाक उघडलं, दोनदा ट्यूबला ठिगळ लावलं, दोनदा पंप मारून घामाघूम झाले. आणि दोन्ही वेळा चहाचा कप रिकामा होईपर्यंत मोटरसायकलीचं चाक बसलं. पण दुकानात न्यायचं नाव नाही. “आपल्या गाडीचं पंक्चर दुसऱ्याने काढायचं म्हणजे आपले केस दुसऱ्याने कापायचे,” म्हणाले. मी विचारलं, “मग तुमचे कोण कापतं?”

दाढी-कटिंगचं दुकान आहे आमचं. सुट्टीच्या दिवशी हे गावाबाहेर मास्तरांची दाढी करायला जातात. मास्तरांनी ह्यांना शाळेत शिकवलं. आता ते अंथरुणाला खिळलेत आणि आठवडाभर या दाढीची वाट बघतात. तिकडे बस जात नाही, म्हणून हा आटापिटा.

“सोल्यूशनच भेसळीचं आहे,” हे म्हणाले.

“मघाशी ठिगळ भेसळीचं होतं.”

“तू आत जा बघू!”

“जाते. नाचता येईना, अंगण वाकडं.”

गेले मात्र नाही. घमेल्यात पाणी ओतलं. ह्यांनी ट्यूब बुडवली तर बुडबुडे ठिगळांतून येतच नव्हते. दोन्ही ठिगळं धड होती. शेजारी नवं भोक पडलं होतं.

“म्हणजे टायरमध्ये काहीतरी रुतलंय,” मी म्हटलं. “आतून हात फिरवलात ना?”

“दोन्ही वेळा फिरवला. काही नाही.” माझी खात्री पटावी म्हणून त्यांनी पुन्हा टायरच्या आतून सगळीकडे हात फिरवला. “बघ, साफ आहे.” आणि ट्यूब पुसायला घेतली. फडकं लाल व्हायला लागलं.

“अहो, बोट!”

मधल्या बोटातून रक्त गळत होतं. हे त्या बोटाकडे बघत राहिले. “हे कधी झालं?” त्यांनी मलाच विचारलं.

गिऱ्हाइकाच्या गालावर एक खुंट राहिला तरी ज्यांच्या बोटाला कळायचं, त्यांना एवढं टोचलेलं कळलं नव्हतं.

“कधीपासून हे असं?”

“उन्हाळ्यापासून. आधी मुंग्या यायच्या. मग त्याही यायच्या बंद झाल्या.”

“आणि दुकानात?”

“कात्री चालते, डोळ्यांनी बघून. दाढी असली की कारागिराच्या खुर्चीवर बसवतो.”

“आणि मास्तर?”

हे खाली बघायला लागले. “मागच्या खेपेला कानाखाली लागलं त्यांना. ते बोलले नाहीत. उशीवर डाग दिसला तेव्हा मला कळलं.”

साखर तपासून घ्या म्हणून मी वर्षभर कानीकपाळी ओरडत होते. मला भयंकर राग आला, आणि रागाच्या मागोमाग रडू. “मला सांगायचं नाही? मी काय परकी आहे?”

“सांगितलं की खरं होतं गं,” हे म्हणाले. “दाढी सोडून मला दुसरं येतं काय?”

पदर खोचला आणि मी टायरमध्ये हात घातला.

“घाई करू नकोस,” हे म्हणाले. “पोराच्या कपाळाला हात लावून ताप बघतो ना, तसा ठेव. हां, आता पुढे सरकव.”

“आई गं!” सापडली. बारीकशी तार होती, आत नुसतं टोक आलेलं. ह्यांनी पकडीने ती बाहेरून ओढून काढली. मग मी ट्यूब घासली, ह्यांनी सोल्यूशन लावलं, ते वाळेपर्यंत मला ठिगळ लावू दिलं नाही. हवा भरली. चहा केला, प्यायलो, कपही विसळून ठेवले. चाक बसलं नाही.

“उद्या दवाखाना,” मी म्हटलं.

“बरं.” इतक्या वर्षांत माझं म्हणणं त्यांनी एवढ्या लवकर कधी ऐकलं नव्हतं. बोटाला चिंधी बांधून, पिशवी घेऊन ते गाडीपाशी गेले आणि तिथेच उभे राहिले. “तूही चल,” म्हणाले. मी मागे बसले.

मास्तर उशीला टेकून, गळ्याभोवती टॉवेल घेऊन तयारच होते. ह्यांनी साबण फेसाळला, ब्रशने गालांना लावला. वस्तरा उघडला. मी दारात उभी होते.

ह्यांनी वस्तरा मिटला. “मास्तर, माझ्या बोटांना काही कळत नाही हो. मागच्या वेळी तुम्हाला लागलं, तेही नाही कळलं. आता मी वस्तरा धरणार नाही. पुढच्या खेपेला माझा कारागीर येईल.”

मास्तरांनी गळ्याभोवतीचा टॉवेल सारखा केला. मग म्हणाले, “पुढच्या खेपेचं पुढच्या खेपेला बघू. आज साबण नीट लाव. घाई करतोस तू हल्ली.”

ह्यांनी पुन्हा ब्रश बुडवला. गाल, हनुवटी, गळा, कानाखाली. घाई नाही की काही नाही. मग ऊन पाण्यात पिळलेल्या फडक्याने सगळा फेस पुसून काढला आणि आरसा धरला.

आठवड्याचे पांढरे खुंट जिथल्या तिथे होते. मास्तरांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली, हनुवटी वर करून गळाही पाहिला.

“छान झाली,” ते म्हणाले.