नायकाची डावी बाजू

पहिल्या डाव्या वळणावर हरिसिंगच्या गाडीचा ब्रेकचा लाल दिवा वळण सुरू होण्याआधीच पेटला. चौथ्या डाव्या वळणावर तो पेटला तेव्हा वळण अर्धं झालं होतं. मधल्या उजव्या वळणांवर मात्र दिवा अगदी वेळेवर लागत होता. पुढच्या दोन डाव्या वळणांवर बबिताने पुन्हा नीट पाहिलं. तसंच झालं.

पुसदच्या पलीकडचा डोंगराळ रस्ता होता. दोन्हीकडे साग. जानेवारीत गळालेली ताटाएवढी वाळकी पानं डांबरावर पसरली होती; त्यांच्यावर चाक गेलं की निसटतं. मोबाइलची रेंज तासाभरापूर्वीच गेली होती. मारेगावजवळच्या तांड्यातून पहाटे सात मोटरसायकली निघाल्या होत्या. सह्याद्रीची पठारं पाहून आठ दिवसांत परत यायचं होतं. सगळ्यांत पुढे हरिसिंग, बबिताचे वडील, घरच्यांचे बापू, एकतीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले. त्यांच्यामागे बबिता, बाभुळगावला बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवणारी. तिच्यामागे धाकटा भाऊ जीवन आणि त्याच्या मागच्या सीटवर बायको संगीता. शेवटी नात्यातल्याच आणखी चार गाड्या.

बैलांवर मीठ लादून रानोमाळ फिरणाऱ्या पूर्वजांचा एक नेम ही मंडळी अजून पाळत होती. नायकाचं, म्हणजे पुढे चालणाऱ्या म्होरक्याचं, पाऊल जिथे पडेल तिथेच मागच्याचं पडायचं. हरिसिंग खड्डा चुकवायला हातभर सरकले की सातही गाड्या हातभर सरकत. कुणी पुढे घुसायचं नाही, वेगळी वाट धरायची नाही. आजवर यामुळेच सगळे सुखरूप घरी परतले होते. आज बबिताला त्याच नेमाची धास्ती वाटत होती, कारण बापू डावीकडे सरकत चालले होते आणि दरी डावीकडे होती.

शंका दिवाळीपासूनची. तेव्हा बापूंचा खांदा दाराच्या डाव्या चौकटीवर आपटला होता. मग ताटातली डावीकडची चटणी तशीच राहू लागली. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, असं ती मुलांना शिकवायची; स्वतःलाही तिने तेच बजावलं आणि आणखी पुराव्याची वाट पाहत राहिली. खरं तर पुरावा केव्हाच पुरेसा झाला होता. बापूंनी आता गाडी चालवायची नाही, हे मनात पक्कं होऊनही दोन महिने लोटले होते. फक्त ते तोंडातून निघत नव्हतं. तांड्यातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत असताना याच माणसाने तिला पंधराव्या वर्षी गाडी शिकवली होती. त्याच्याकडे गाडीची किल्ली कोणत्या तोंडाने मागायची?

पुढच्या वळणावर कापसाने भरलेला एक टेम्पो बंद पडून डाव्या कडेला उभा होता. हरिसिंगची गाडी सरळ त्याच्याकडे निघाली. लाल दिवा पेटेना. बबिताने हॉर्न दाबून धरला. त्या आवाजाने दचकून की काय, अगदी शेवटच्या क्षणी हँडल उजवीकडे वळलं आणि डावा आरसा बाहेर लोंबणाऱ्या कापसाला घासत गेला. मागे जीवनचं चाक पानांवर निसटलं. संगीता किंचाळली. गाडी आडवी होता होता सावरली.

माथ्यावर, उतार सुरू होण्याआधी, चहाची टपरी होती. सगळे तिथे थांबले.

"बापू, एसटीच समजून राह्यले का तुमी?" जीवन म्हणाला. "टेम्पोले खेटून कोन्या स्टॉपवर थांबत होते?"

"हवा आली बे एका बाजूनं. अन् तू कायले एवढा चिपकून चालवतं? बायकोले भेव दाखवाले?"

"मले आता वेगळं भेव दाखवाची गरज नाई, मामंजी," संगीता दगडावर टेकत म्हणाली. "आठ दिवसांचं एकदमच घेऊन झालं."

सगळे हसले. बबिता बापूंच्या गाडीच्या डाव्या आरशाकडे पाहत होती. तिथे कापसाचा मोठा पुंजका अडकून वाऱ्यावर हलत होता. हरिसिंग गाडीला टेकूनच उभे होते, आणि त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं.

हरिसिंग बाकावर येऊन बसले. टपरीवाल्याने चहाचे ग्लास समोरच्या टेबलावर ठेवले. त्यांचा ग्लास त्यांच्या डाव्या हाताशी आला. ते इकडच्या तिकडच्या गप्पा मारत बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "माहाच चहा राह्यला का रे?"

टपरीवाला गोंधळून ग्लासाकडे पाहू लागला. बबिताने त्याला खुणेनेच थांबवलं. तिने ग्लास बोटाने हळूहळू बापूंच्या उजवीकडे सरकवला. एक वीत. आणखी चार बोटं. ग्लास त्यांच्या नाकासमोरून पुढे गेला तेव्हा कुठे हरिसिंगचा चेहरा उजळला. "हा काय, आला!"

डावीकडचं अर्धं जग त्यांना दिसतच नव्हतं, आणि ते दिसत नाही हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

"खाली नऊ वळणं हायेत," टपरीवाला सांगत होता. "कठडा पावसात वाहून गेला. दरीच्या अंगानं जपून जा."

"एकतीस वर्सं जपूनच चालवली," म्हणत हरिसिंगने हेल्मेट चढवलं आणि गाडी सुरू केली. त्यांच्यामागे एकेक इंजिन घरघरू लागलं. निघताना नायकाने विचारायचं आणि प्रत्येकाने उत्तर द्यायचं. एकाचंही उत्तर आलं नाही तर तांडा जागचा हलत नसे.

"चालो?" त्यांनी विचारलं.

शेवटच्या गाडीवरून आवाज आला, "चालो!" मग त्याच्या पुढच्यावरून. एकेक आवाज जवळ येत गेला. "चालो, बापू," जीवन म्हणाला.

आता बबिताची पाळी होती. नऊ वळणं, सात गाड्या, एकच वाट. तिने इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि हरिसिंगच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"काहून गप, बबी? बोल ना."

"नाई, बापू," ती म्हणाली. "तुमाले डाव्या अंगाचं दिसत नाई. दिवाळीपासून मले समजत होतं, मी बोलली नाई. आता तुमी गाडी चालवाची नाई. आजपासून, कधीच नाई."