वेंडलमामाचा उजवा पाय

आराखड्याप्रमाणे इंजिनाला ठिणगी देणाऱ्या इग्निशनच्या डब्यातून नऊ तारा निघायला हव्यात. मामाच्या शर्यतीच्या गाडीत मी दहा मोजल्या. पुन्हा मोजल्या, मग प्रत्येक तारेला चिकटपट्टीचा तुकडा लावून तिसऱ्यांदा मोजल्या. दहाच. दहावी तार इतर काळ्या तारांच्या जुडग्यात बांधलेली होती. ती सीटच्या स्पंजमध्ये कोरलेल्या खोबणीत शिरत होती, आणि तिथे काडेपेटीएवढी एक डबी होती. तिच्यावर कसलंच नाव नव्हतं.

मंगळवारची दुपार होती. वेंडलमामा, म्हणजे माझ्या आईचा भाऊ, गॅरेजच्या दारात उलट्या बादलीवर बसून उकडलेले शेंगदाणे सोलत होता.

मामा आमच्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर सत्तावीस वर्षं मोटारींच्या शर्यतीत उतरतोय. विद्यापीठात माझे वर्गमित्र म्हणायचे, "त्यात काय असतं, लॉरेल? डावीकडे वळा, मग पुन्हा डावीकडे वळा. माझी आजीसुद्धा वळेल!" त्यांना उत्तर म्हणून मी प्रबंध लिहिला. चाळीसेक फेऱ्यांनंतर टायर झिजतात. मग वळणातून बाहेर पडताना वेगाचं पेडल जरा जास्त दाबलं की मागची चाकं नुसतीच फिरतात, जरा कमी दाबलं की मागची गाडी पुढे निघून जाते. पहिल्या आणि दहाव्या गाडीत फेरीमागे जेमतेम तीन दशांश सेकंदांचा फरक असतो, आणि तो बहुतेक तिथेच पडतो. सरावाच्या वेळी मी मामाच्या इंजिनाची गती सेकंदाला शंभरदा नोंदवली. चाकं घसरू लागताच सावरलेली दिसत होती, प्रत्येक फेरीत, प्रत्येक वळणावर. हे त्याच्या उजव्या पायाचं कसब आहे, असा माझा निष्कर्ष होता.

पेडल मात्र मी मोजलं नव्हतं. ती चूक माझी. प्रबंधावरचा लेख एका नियतकालिकाकडे पाठवला, तेव्हा तिथल्या परीक्षकाने नेमकं तेच मागितलं. म्हणून गेल्या आठवड्यातल्या सरावाला मी पेडलला सेन्सर लावला. आलेखात पाय सरळ खाली गेला होता आणि तिथेच राहिला होता. इंजिन मात्र त्याच क्षणी बारीक बारीक अडखळत स्वतःला सावरत होतं.

"मामा, सीटमध्ये काय आहे?"

"च्युइंगगम असेल. तुझ्या भावाला गाडीत बसू दिलं की हेच होतं."

मी डबी त्याच्यापुढे धरली. चाकं घसरू लागली की इंजिनाची ठिणगी क्षणभर तोडणाऱ्या असल्या डबीला शर्यतीत बंदी आहे. त्याचे हात थांबले.

"मोजत बसायची खोड तुझी लहानपणापासूनचीच," तो म्हणाला.

"कधीपासून आहे ही?"

"झाली दोन वर्षं."

माझ्या नोंदी दीड वर्षापूर्वीच्या. "म्हणजे मी मापं घेत होते तेव्हाही होती?"

"होती."

"आणि तू मला घेऊ दिलीस."

"अगं, तू एवढी नाचत ते यंत्र घेऊन आलीस. नको म्हणालो असतो तर का नको, ते विचारत बसली असतीस." त्याने उजवा बूट काढला, मोजा काढला. "ही बोटं कळत नाहीत मला. साखरेचा आजार आहे, पोरी. पेडलवर पाय आहे की फरशीवर, ते खाली बघितल्याशिवाय समजत नाही."

दोन वर्षांपासून तो बिनसाखरेचा चहा पीत होता. चर्चच्या जेवणात आम्ही सगळे त्याला त्यावरून चिडवायचो.

"आणि मिस्टर डेलमर?"

त्याने मोजा पुन्हा चढवला. डेलमर पुलियम ट्रॅकवर गाड्यांची तपासणी करतात. मार्चमध्ये त्यांना वळणावर मामाच्या इंजिनाचा आवाज फुटका वाटला होता. मामाने माझा प्रबंध त्यांच्यापुढे ठेवला. भाची शिकलेली आहे, तिने मोजलंय, म्हणाला. त्यांनी सीटला हातही लावला नाही. पुढच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर माझा हात धरून मला म्हणाले, "पोरी, निम्मं डोक्यावरून गेलं, पण वाचलं सगळं." त्या दिवशी मी घरी जाईपर्यंत हसत होते.

"तू मला वापरलंस, मामा."

"तुझ्या शब्दाला वजन आहे. माझ्या कुठे आहे?"

"होतं. आता माझ्याही नाही."

तो तिरमिरीत उठला. "सत्तावीस वर्षांतली पंचवीस मी डबीशिवाय काढलीत! डबी गाडी चालवते असं वाटतं ना तुला? मग बस तू. घे चालवून."

"बसते. मग तूही बस, डबी काढून. येतील ते आकडे मिस्टर डेलमरना देणार. प्रबंध मागे घेतल्याचं पत्रही त्यासोबत देणार."

"पत्राची घाई कशाला? डबीशिवायही मी तेवढाच येतो. ती आपली असावी म्हणून ठेवलीय."

"मग काळजी कसली?"

"मी केलीय कधी काळजी?" त्याने बूट चढवला आणि बोटं पुढपर्यंत गेली का, ते वरून हाताने चाचपून पाहिलं.

आम्ही गाडी ट्रॅकवर नेली; तिथे तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. दर खेपेला टायर चाळीस फेऱ्या झिजलेले, पेट्रोल सारखंच, दहा फेऱ्या. आभाळ ढगाळ होतं. डांबराचं तापमान एकतीस अंश, तिन्ही वेळा दोन अंशांच्या आत. प्रत्येक फेरीची वेळ गाडीतला ट्रान्सपाँडर, म्हणजे संदेश पाठवणारं छोटं यंत्र, नोंदवत होता. आधी मामा डबीसह धावला, मग मी डबीसह. माझ्या चौथ्या फेरीत गाडीचा मागचा भाग भिंतीला घासला. मामा हसला नाही.

तिसऱ्या खेपेआधी मी डबीची तार काढली. तो सीटवर बसला आणि खिडकीच्या जाळीतून माझ्याकडे बघत राहिला.

"लॉरेल, खरं सांग. काय यावं असं वाटतंय तुला?"

"जे असेल ते."

"मी ते नाही विचारलं."

मी जाळीचा पट्टा आवळला आणि बाजूला झाले.

दहा फेऱ्यांची सरासरी अशी आली. मामा, डबीसह: १५.९२ सेकंद. मी, डबीसह: १७.८६. मामा, डबीशिवाय: १६.४१. म्हणजे डबीचा वाटा फेरीमागे जवळजवळ अर्धा सेकंद, पहिल्या आणि दहाव्या गाडीतल्या फरकाहून जास्त; आणि डबी नसतानाही मामा माझ्यापुढे जवळजवळ दीड सेकंद.