अनफिट

मी मरणार हे ठरलं, तेव्हा आमच्या घरातली सगळी कामं फार सुरळीत झाली. दिल्लीला नेऊन सीटी स्कॅन काढला. मेंदूत लिंबाएवढी गाठ, ऑपरेशन होण्यासारखं नाही, म्हणाले. डावा पाय तर आधीच ओढत होतो. मी जयपूरच्या रेल्वे शेडमध्ये फिटर. आमच्यात रीत आहे: नोकरीत असताना माणूस मेला किंवा अनफिट ठरला, तर पोराला चिकटवून घेतात. युनियनवाले म्हणाले, "शामरावजी, मरायची वाट कशाला बघता? अनफिट व्हा, डोळ्यांदेखत पोरगा लागेल." मी आनंदानं सही ठोकली. आमचा विलास, बी.ए. नापास, माझ्याच शेडमध्ये खलाशी, म्हणजे फिटरच्या हाताखालचा मदतनीस, म्हणून लागला. क्वार्टरही त्याच्या नावावर झालं.

मग मला ताप आला. इतका, की बायकोनं, कलावतीनं, भुसावळहून पाहुणे बोलावून घेतले. पाहुणे आले, जेवले, आणि मी काही मेलो नाही. ताप उतरला तसं डोकं दुखायचं थांबलं, भूक लागायला लागली, पाय उचलू लागला. पुन्हा स्कॅन काढला, तर गाठ गायब! औषध नाही, ऑपरेशन नाही. डॉक्टर फिल्म उजेडाकडे धरून पोरासारखा हसत होता. "अपने आप! लाखों में एक!" त्याला मला परिषदेत डॉक्टरांसमोर चालवून दाखवायचं होतं.

जयपूरला परतल्यावर मी त्याआधीच चाललो. चारदीवारीत, जुन्या शहरात गेलो, चांदपोलला कचोरी खाल्ली आणि चालतच परत आलो. लग्नातसुद्धा इतका खूश नव्हतो.

दारात विलास उभा होता.

"अण्णा, तुम्ही चालत गेले? नागनाथकाकांनी पाहिलं."

नागनाथ आमचा शेजारी. त्याचा पोरगा घरीच बसलेला.

"पाहू दे की! बरा झालोय मी."

"मतलब, तुम्ही फिट, तर मी नोकरीवर कशाला? त्यांनी कंप्लेंट केली तर चौकशी होईल. माझं लग्न ठरलंय, अण्णा."

मी कलावतीकडे पाहिलं. मी बरा होईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही, असा नवस होता तिचा. आता तरी घालायची. पण चप्पल दिसली असती तर कॉलनीला कळलं असतं.

"लेकराच्या पोटावर पाय देऊ नका," ती म्हणाली. "घरात हवं तेवढं फिरा. बाहेर जाताना काठी घेत जा."

"आणि तो डॉक्टर?"

"गावी गेलेत म्हणून कळवू."

संतापानं अंग पेटलं. यमानं सोडलं आणि घरच्यांनी धरलं! घर डोक्यावर घेणार होतो. पण पोराच्या अंगावर माझाच खाकी शर्ट होता, ऑइलच्या डागांसकट, आणि तो रडत होता. शिव्या गिळल्या.

सकाळी दूध आणायला काठी घेऊन निघालो. नागनाथ ओट्यावर पेपर वाचत होता. पाय ओढत फाटकापर्यंत पोचलो, तेवढ्यात मागून कलावती धावत आली, अनवाणीच. वाटलं, हिला माझी दया आली. म्हणेल, टाका ती काठी, जे व्हायचं ते होऊ दे.

तिनं माझ्या खांद्यावरचा टॉवेल सारखा केला आणि हळूच म्हणाली, "अहो, डावा. डावा पाय ओढायचा."